खंड्याचा पाय काढावा लागणार, आणि तो आधीच भित्रा आहे

प्रश्न

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी खंड्या नावाचा चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे. वजन सोळा किलो. पिल्लू असताना त्याला कुणीतरी रस्त्याकडेला सोडून गेलं होतं, तिथून माझ्या मुलीने आणला. पहिल्यापासून घाबरट. ढग गडगडले की पडवीतल्या बाकाखाली, अनोळखी माणूस आला की माझ्या पायांमागे. गणपतीत फटाके वाजले त्या दिवशी तो जेवलासुद्धा नाही. पण आगरात माकडं आली की हाच खंड्या सगळ्यांच्या पुढे.

गणपती गेले, चाकरमानी परतले आणि हळवं भात पसवायला लागलं. रानडुकरांसाठी कुणीतरी बांधावर फासकी लावली होती. खंड्या दोन रात्री घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आला तो पुढच्या डाव्या पायात तार घेऊनच. दिरांनी पकडीने तार तोडली. पंजा सुजून दुप्पट झाला होता. आता तो थंड पडलाय, काळा होतोय, वासही येतो. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, टोचलेलं त्याला कळत नाही, पाय खांद्यापासून काढावा लागेल. मला हे समजत नाही. जखम मनगटाशी आहे, मग सगळा पाय का काढायचा?

सासूबाई म्हणतात, "मुक्या जिवाचे हाल करू नका, सुई देऊन मोकळा करा. चार पायांवर भितो, तो तीन पायांवर जगायचा कसा?" त्या निर्दयी नाहीत हो. दूधभात भरवून त्यांनीच त्याला वाढवलाय. आमचे हे मुंबईला असतात, ते म्हणतात तूच ठरव.

रात्री तो बाकाखाली थरथरत पडलेला असतो. मी जवळ बसून अंगावरून हात फिरवते. तर शेजारी म्हणतात, लाड केलेस तर भीती आणखी वाढेल. हे खरं आहे का? आणि एवढ्या घाबरट कुत्र्याला हे सगळं झेपेल का?

— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर

ताई, तुमच्या मुलीने पत्राचा फोटो पाठवला त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण सडत चाललेला पाय मासिकाच्या पुढच्या अंकापर्यंत थांबत नाही. खंड्याचं ऑपरेशन झालं, त्याला आज नऊ दिवस झाले. फोनवर घाईत सांगितलेलं आणि सांगायचं राहून गेलेलं इथे लिहितो. भात पिकायच्या दिवसांत फासकीत सापडलेले कुत्रे मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिले आहेत, त्यामुळे हे आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सासूबाईंपासून सुरुवात करतो. त्यांचा प्रश्न मायेपोटी आलेला आहे आणि तो विचारायलाच हवा होता. सुई देऊन सोडवणं हा काही वेळा खरोखर दयेचा मार्ग असतो. उरलेल्या तीन पायांत मोठा दोष असेल, सांधे झिजलेले असतील, मणक्याचा आजार असेल, कुत्रा म्हातारा आणि फार जड असेल, तर मी स्वतः पाय काढायला कचरतो. म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांनी दुखरा पाय सोडून बाकीचे तीन नीट तपासले पाहिजेत. खंड्या चार वर्षांचा, सोळा किलोचा, सडसडीत, बाकीचे पाय ठणठणीत. असा कुत्रा नुसत्या भित्रेपणासाठी मारायचा नाही. हे मी फोनवरही ठामपणे म्हणालो होतो.

आता सगळा पाय का? पंजा मेला तरी वरचा भाग जिवंत आहे, मग अर्धा पाय ठेवला तर काय बिघडेल, असं कुणालाही वाटेल. कुत्रा तो अर्धा पाय टेकवायला जातो. खाली गादी नसते, पंज्याची जाड कातडी नसते. थोटूक जमिनीवर, पायरीवर आपटत राहतं, त्याला जखमा होतात, त्या भरत नाहीत. आपल्याकडच्या दमट हवेत तर नाहीच. कृत्रिम पाय बसवायचा असेल तर थोटूक राखतात, पण त्याला सतत देखभाल लागते आणि ज्याला नवा माणूस हात लावू शकत नाही अशा कुत्र्यावर तो प्रयोग मी करणार नाही. पुढचा पाय बहुधा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात. फरा ठेवला तर त्यावरचं मांस पुढे वाळतं आणि हाड टोचत राहतं. दिसायला ते मोठं ऑपरेशन वाटतं, पण जखम स्वच्छ भरते.

पुढचा पाय जाणं हे मागचा पाय जाण्यापेक्षा कुत्र्याला थोडं जड जातं. उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. त्यातला एक गेला की उरलेल्या एकावर मोठा भार येतो आणि काही भार मागे सरकवायला शिकावं लागतं. खंड्या चालताना मान वर उचलून टुणकन पुढे पडतो असं तुमच्या मुलीने कळवलंय. ते बरोबर आहे. तो वजन मागे घ्यायला शिकतोय.

नेदरलँड्समध्ये पाय काढलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेली एक पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. बहुतेकांनी सांगितलं की कुत्रा महिन्याभरात तीन पायांवर रुळला. पण काहींनी असंही सांगितलं की त्याचा स्वभाव बदलला, तो जास्त घाबरायला लागला किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जायला लागला. लोक पहिला भाग ऐकतात आणि निश्चिंत होतात. तुमच्यासाठी दुसरा भाग महत्त्वाचा आहे.

पाय गेल्याचं दुःख कुत्रा आपल्यासारखं करत बसत नाही. आरशात बघून त्याला वाईट वाटत नाही, लोक काय म्हणतील हे त्याच्या डोक्यात येत नाही. भित्र्या कुत्र्याची भीती वाढते ती दोन गोष्टींनी: दुखण्याने आणि घसरण्याने. गेल्या नऊ दिवसांत खंड्याबद्दल तुम्ही जे जे कळवलंत, त्यातलं जवळपास सगळं या दोहोंत बसतं.

दुखण्याबद्दल मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी वेंगुर्ल्याकडे होतो. एका रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, कुत्र्याचा चिरडलेला मागचा पाय आम्ही काढला. दोन दिवस वेदनेची इंजेक्शनं दिली आणि घरी सोडला. पाचव्या दिवशी तो माणूस हाताला फडकं बांधून आला. कुत्रा रात्री झोपेतून ओरडत उठला आणि त्यालाच चावला होता. मी केसपेपरवर 'रागीट' असं लिहिलं. तो माणूस शांतपणे म्हणाला, "डॉक्टरांनू, तो चावणा नाय, तेकाच कायतरी चावता."

त्याचं निदान माझ्यापेक्षा अचूक होतं. पाय काढताना मोठ्या नसा कापल्या जातात आणि नसलेल्या पायाच्या जागी कळा येत राहतात. पाय गमावलेली माणसं हे शब्दांत सांगतात. कुत्रा अचानक केकाटतो, कुणी हात लावलेला नसताना. जखमेकडे वळून बघतो, तिथे चावायला जातो, रात्री जागा बदलत राहतो, कातडी थरथरते. खंड्या पहाटे तीन वाजता ओरडून उठतो ते तुम्हाला भीतीचं वाटलं. मला ते नसांचं दुखणं वाटतं, आणि म्हणून मी तुम्हाला लगेच डॉक्टरांकडे परत पाठवलं.

सूज आणि वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन आणि नसांच्या कळांसाठी गॅबापेंटिन, अशी जोडी बरेचदा वापरतात. मात्रा डॉक्टरच ठरवतील, मी इथे लिहिणार नाही. गॅबापेंटिनने सुरुवातीला झिंगल्यासारखं होतं आणि तीन पायांवरचा कुत्रा आणखी डुलतो, तेव्हा ते दिल्यावर काही तास त्याला पायऱ्यांजवळ जाऊ देऊ नका. औषध एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं. आणि माणसांचं पातळ औषध आणू नका, काही सिरपमध्ये झायलिटॉल नावाची साखर असते आणि ती कुत्र्याला विषासारखी आहे. घरातल्या डब्यातली आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक ही गोळी तर अजिबात नको. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. डायक्लोफेनॅक हे तेच औषध, ज्यामुळे गिधाडं मेली म्हणून २००६ साली जनावरांसाठी बंदी आली.

खंड्या भितो म्हणून तोंड उघडू देत नाही, गोळी थुंकतो. बांगडा उकडा, काटे बारकाईने काढा, छोट्या गोळ्या करा. पहिली गोळी औषधाशिवाय, दुसरी औषधाची, तिसरी पुन्हा साधी. तिसरी दिसत असली की दुसरी तो घाईने गिळतो. मिठाचा किंवा मसाल्याचा मासा नको.

आता जमीन. तुमची पडवी चकचकीत लादीची आहे, माजघरात शहाबादी. सासूबाईंच्या तरुणपणी शेणाने सारवलेली असणार. सारवलेल्या जमिनीवर तीन पायांचा कुत्रा दुसऱ्या दिवशी चालायला लागतो. लादीवर त्याचा एकुलता पुढचा पाय बाजूला घसरतो, हनुवटी आपटते आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात बसतं की ही जागा वाईट आहे. निडर कुत्रा तीनदा पडून चौथ्यांदा उठतो. खंड्यासारखा एकदा पडला की दोन दिवस बाकाखालून निघत नाही. नंतर आपण म्हणतो, बघा, पाय गेल्याने खचला.

म्हणून फोनवर तुम्हाला गोणपाटाचं सांगितलं. भाताची रिकामी पोती उसवून, दाभणाने एकाला एक शिवून त्याची सलग पट्टी करायची. बाकापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत. मध्ये एक हातभरही लादी उघडी नको. काथ्याच्या चटया मिळाल्या तर त्याहून छान, ओल्या झाल्या तरी त्या पकड सोडत नाहीत. कडा विटेने दाबू नका, तो अडखळेल, चिकटपट्टी लावा. तुमच्या मुलीने सांगितलं की पट्टी घातल्यावर अर्ध्या तासात खंड्या आपला आपण पाण्यापर्यंत गेला. मला त्या फोनने फार बरं वाटलं.

खळ्यात उतरायच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असणार. खराट्याने घासून काढा. ब्लीचिंग पावडर टाकलीत तर भरपूर पाण्याने धुवा आणि वाळेपर्यंत त्याला लांब ठेवा. पायऱ्यांवर एक रुंद फळी तिरकी टाकून तिच्यावर गोणपाट ठोका, खिळ्यांची टोकं वर राहणार नाहीत असं. चढण्यापेक्षा उतरणं त्याला कठीण जाणार, कारण उतरताना सगळं अंग त्या एका पुढच्या पायावर येतं. तिथे महिनाभर आधार द्या. जेवणाचं ताट पाटावर ठेवा, छातीच्या उंचीला. जमिनीवरचं खायला मान खाली घातली की तो पुढे कोलमडतो आणि मग ताटालाही भ्यायला लागतो.

आधार देताना त्याला उचलू नका. जुनी ओढणी छातीखालून घेऊन वर दोन्ही टोकं सैल धरायची. तोल त्याचा त्यालाच सांभाळू द्या, पडायला लागला तरच ओढणी ताणायची. गावचा मोकळा कुत्रा, त्याने आयुष्यात पट्टा पाहिलेला नाही, तेव्हा ओढणीचीसुद्धा भीती वाटणार. आधी ती त्याच्या गोधडीवर टाकून ठेवा, वास ओळखीचा होऊ दे. मग अंगावर नुसती ठेवायची आणि बांगडा द्यायचा. उठवायची घाई नको. ज्यांच्या हातात अजून चार दिवस आहेत, ऑपरेशन ठरलंय पण व्हायचंय, त्यांनी ही ओळख आधीच करून घ्यावी. तोंडाच्या जाळीचीही. भित्रा कुत्रा वेदनेत घरच्या माणसालाही चावू शकतो. रेबीजची लस झालेली आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

जखमेला चाटू नये म्हणून प्लास्टिकचं नरसाळं गळ्यात घालतात. खंड्याने ते दाराला आपटून आपटून फोडलं, यात नवल नाही. त्याला बाजूचं दिसेना आणि पावलाचा आवाज भलतीकडून यायला लागला. पुढच्या पायाच्या जखमेला एक साधा उपाय चालतो, तुमच्या यजमानांचं जुनं सुती बनियन. डोकं गळ्यातून, उजवा पाय बाहीतून, डावी बाही शिवून बंद, खालचा घेर पाठीवर सैल गाठीने. रोज धुतलेलं घाला. पण नजरेआड असेल तेव्हा तो बनियनसुद्धा कुरतडेल, म्हणून रात्री कुणीतरी जवळ झोपा.

जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा. भादव्या-आश्विनात माशा फार, टाक्यांच्या फटीत अंडी घालतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. हळद, चुना, फिनेल, डांबरगोळीची पूड यातलं काही लावायचं नाही. जखमेखाली पाण्याच्या पिशवीसारखी मऊ सूज आली तर घाबरू नका, आतल्या मोकळ्या जागेत पाणी साठतं आणि बहुतेक वेळा आपोआप जिरतं. पण डॉक्टरांना दाखवा, घरी सुईने फोडू नका. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. पुसट निळे-काळे डाग छातीवर उतरतात, तेही जातात. चोवीस तास लघवी झाली नाही, खाणं सुटलं, जखमेला वास आला तर मात्र थांबू नका. गाडीची सोय नसेल तर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

तुमच्या हात फिरवण्याबद्दल. तुम्ही करताय ते योग्य आहे, शेजाऱ्यांचं ऐकू नका. भीती ही काही युक्ती नाही की बक्षीस मिळालं म्हणून वाढेल. तो अंग टेकवून जवळ येतो, थरथर कमी होते, तर हात फिरवत राहा. ओठ चाटतो, जांभया देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, मान फिरवतो, तर हात काढून नुसत्या बसा. बाकाखालून ओढून मात्र कधीही काढू नका. ती त्याची जागा आहे. तिथेच गोधडी घाला आणि तिथूनच गोणपाटाची पट्टी सुरू करा.

अडचण वाडीतल्या माणसांची आहे. पाय काढलेला कुत्रा म्हणजे बघायला रीघ लागते. मुलं वाकून बघतात, कुणी हाक मारतं, कुणी 'अरेरे' करत डोक्यावर हात ठेवतं. सगळे प्रेमाने येतात आणि खंड्याला दिवसभर एकच कळतं की पळता येत नाही अशा वेळी अनोळखी माणसं चालून येताहेत. पडवीच्या तोंडाला दोरी बांधा. सासूबाईंना तिथे बसवा. ज्यांनी त्याला दूधभात भरवला त्या बाईंच्या शब्दापुढे वाडीत कुणी जाणार नाही, आणि मला वाटतं, सुईची गोष्ट बोलून गेल्यापासून त्यांनाही त्याच्यासाठी काहीतरी करायचं असेल. घरातली दुसरी कुत्री असतील तर आठवडाभर वेगळी. त्याच्याकडे जाताना समोरून, हाक देत जा. डाव्या बाजूने अचानक येऊ नका, तिकडे वळायला त्याच्याकडे आता पाय नाही.

दिवस ठरल्या वेळी ठरलेल्या गोष्टींनी भरा. सकाळी दार उघडणं, खळ्यात पाच मिनिटं, खाणं, औषध, झोप, पुन्हा पाच मिनिटं. भित्र्या जिवाला पुढे काय होणार हे कळलं की अर्धा धीर येतो. टाके निघाल्यावर आणि जखम पूर्ण भरल्यावर त्याला किनाऱ्यावर न्या, पण ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि उरलेला खांदा दुखावतो. दहा मिनिटं पुरे. खाडीच्या संथ, उथळ पाण्यात तुम्ही सोबत उतरून पोहवलंत तर फारच उत्तम, पण तोही दीड-दोन महिन्यांनंतरचा विषय.

दिवाळी महिन्यावर आली आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फुटायच्या आधीच फटाके सुरू होतात आणि त्याआधी परतीच्या पावसाचा गडगडाट. या दिवसांसाठी भीती कमी करणारं औषध मिळतं, डॉक्टरांकडे ट्रॅझोडोनबद्दल विचारा. गॅबापेंटिन चालू असेल तर तेही सांगा. आठवडाभर आधी एकदा देऊन बघायचं, म्हणजे किती झोप येते ते कळतं. मात्र 'कुत्र्याला गप्प करायची गोळी' म्हणून एसप्रोमॅझिन कुणी दिलं तर एकटं घेऊ नका. अंग ढिलं पडतं, हलता येत नाही, आतली भीती तशीच राहते. त्याला आवाज तर सगळे ऐकू येत असतात. माजघरात खिडक्या लावून, पंखा आणि रेडिओ चालू ठेवून गोधडी घाला. उजेड असतानाच खळ्यात फिरवून आणा.

माकडांचं तुम्ही विचारलं नाही, पण तो विचार मनात असणारच. तो पुन्हा भुंकेल, बहुधा लवकरच. धावून जाऊ देऊ नका, निदान सहा महिने. आणि रात्री त्याला घरात घ्या, कायमचा. आपल्याकडे वाघ, म्हणजे बिबट्या, अंगणातून कुत्रा उचलतो, आणि तीन पायांचा कुत्रा त्याच्यापुढे पळू शकत नाही.

राहिली फासकी. लावणाऱ्याचं भात डुकरांनी उद्ध्वस्त केलं असेल, त्याचं दुःख मला कळतं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा आहे, आणि त्या तारेत बिबटे अडकतात, गुरं अडकतात. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मागता येते. तुमचे दीर बांध ओळखतात. उरलेल्या तारा काढून टाकायला वनरक्षकांना बरोबर घेऊन जा, वनखात्याचा क्रमांक १९२६. एका बांधावर सहसा एकच फासकी नसते.

प्रश्न

आमच्या राणीचा मागचा उजवा पाय दोन वर्षांपूर्वी अपघातानंतर काढला. छान पळायची. आता नऊ वर्षांची आहे, या पावसाळ्यात उठायला कुरकुर करते, चालता चालता बसते, हाक मारली की कान पाडते. वजन चोवीस किलो झालंय, आधी अठरा होतं. तिला चाकांची गाडी घ्यावी का?

— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर

गाडी नको. ती मुख्यतः ज्यांचे दोन्ही मागचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी. राणीच्या तीन पायांवर सहा किलो जास्तीचे आहेत, ते आधी उतरवा. बोटांनी बरगड्या चाचपा. आपल्या हाताच्या पाठीवरची हाडं जशी लागतात तशा त्या लागल्या पाहिजेत. तुमच्याकडे लागत नसणार. भात निम्मा करा, त्याच्या जागी दुधी, भोपळा, उकडलेलं अंडं किंवा काटे काढलेला मासा. महिन्याला अर्धा ते एक किलो उतरलं तरी पुरे.

त्याआधी उरलेल्या मागच्या पायाचा गुडघा आणि खुबा एक्स-रे काढून तपासून घ्या. तिचं कान पाडणं हे वयाचं किंवा हट्टाचं म्हणून सोडून देऊ नका, उठताना दुखतं म्हणून ती हाकेलाच घाबरायला लागली असेल. औषध सुरू झाल्यावर आठवड्याभरात कान पुन्हा उभे राहिले तर तुम्हाला उत्तर मिळेल. रक्तात गोचिडतापाची तपासणीही करून घ्या, पावसाळ्यात सुस्तीचं ते एक मोठं कारण असतं.

आणि नखं बघा. पावसात ती घरात जास्त बसली असणार, जमिनीवर घासून झिजत नाहीत. नखं वाढली की पंजा मागे रेलतो आणि लादीवर पकड राहत नाही. कापताना टोकाचाच थोडा भाग घ्या, काळ्या नखांत आतली नस दिसत नाही. पंज्याच्या गाद्यांमधले केसही कातरा.